खाऱ्या पाण्यातला पाय

वैशाख निम्मा सरला की आमच्या पेठेत दोन वास एकदमच शिरतात, एक पिकल्या फणसाचा आणि दुसरा सुकटीचा. घाटाखालून येणारी माणसं दोन्ही एकाच गाडीत घालून आणतात, त्यामुळे फणसाला सुकटीचा वास लागलेला असतो आणि सुकटीला फणसाचा. लोक पिशव्या घेऊन धावतात. मी खिडकी लावून घेतो. सून म्हणते, "मामंजी, एवढं उकडतंय, खिडकी कशाला लावताय?" मी म्हणतो, "उकडू दे." अंगाची लाही झाली तरी चालेल, पण तो वास नाकात गेला की मला उजव्या पायाच्या घोट्यापासून पोटरीपर्यंत खाज सुटते. ही नुसती मनाची खाज नसते, हे पुढे सांगेनच.

परवा गल्लीतली कॉलेजची चार पोरं दारात आली. सायकलींवरून घाट उतरून समुद्रावर जाणार आहेत म्हणे. महाराजांच्या कारकिर्दीत मी असा प्रवास केला होता, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. एकानं मोठ्या कौतुकानं विचारलं, "आजोबा, तेव्हा समुद्र पहिल्यांदा बघितल्यावर कसं वाटलं हो?"

"घाण," मी म्हणालो.

पोरं खो खो हसली. म्हातारा मजेशीर आहे, असं त्यांना वाटलं. मी मजा करत नव्हतो. समुद्र घाण होता, रस्ता घाण होता, मी स्वतः तर सगळ्यांत घाण होतो, आणि त्या घाणीला नाकं मुरडणारे लोक त्याहून घाण होते. पण चहाचा कप हातात धरून उभ्या असलेल्या गोऱ्यागोमट्या पोरांना हे कसं सांगायचं? त्यांना वाळूत मावळता सूर्य बघायचा होता. बघा बाबांनो.

तेव्हा कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या शाळा नुकत्याच निघाल्या होत्या आणि मी अशाच एका शाळेवर मास्तर होतो. मूळचा मुरगूडचा, पण राहायला कोल्हापुरात, दस्तगीरच्या दुकानामागच्या खोलीत. दस्तगीर माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं घराणं टांगे आणि बग्ग्या दुरुस्त करणारं. नंतर सायकली आल्या तशा त्याही त्यांच्याच दुकानात येऊ लागल्या. त्या साली माझं लग्न ठरलं. मुलगी गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या कळे गावची. तिच्या वडिलांना सगळा गाव तात्या म्हणायचा, म्हणून मीही तात्याच म्हणायचो. सुपारी फुटली, साखर वाटली गेली आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आतच माझा पाय फुटला.

इसब होता, ओला इसब. आधी घोट्यावर पुटकुळ्या आल्या, मग त्या फुटून पाणी वाहू लागलं. त्या पाण्यावर खपली धरायची, खपलीखाली पुन्हा पाणी साचायचं, आणि ह्या सगळ्यावर माश्या. धोतर चिकटून बसायचं आणि ते सोडवताना कातडं बरोबर यायचं. उपाय सांगणाऱ्यांची काही कमी नव्हती. गोमूत्र झालं, गंधक झाला, करंजाचं तेल झालं, तंबाखूचं पाणी झालं. कुणीतरी बिब्ब्याचं तेल लावायला सांगितलं, त्यानं तर जे बरं होतं तेही उतून आलं. खोलीत एवढा वास मारायचा की माझा मलाच उंबरा ओलांडून आत जाववत नसे.

मग गावात कुजबुज सुरू झाली. इसबाला इसब म्हणेल ते गाव कसलं? 'महारोग' हा शब्द पहिल्यांदा कुणी उच्चारला, ते मला कधीच कळलं नाही. पण एक दिवस न्हाव्यानं माझी दाढी करायला नकार दिला. मग शाळेत पोरं पहिल्या ओळीतून उठून मागं बसू लागली, कारण त्यांच्या आयांनी तसं बजावलं होतं. आणि मग तात्या स्वतः आले. आत आले नाहीत, दुकानाच्या फळीला टेकून रस्त्यावरच उभे राहिले.

"मास्तर, आमी काय वाकडं बोलत न्हाय," ते म्हणाले. सगळ्या पेठेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "पण पोरगी काय रस्त्यावर पडली न्हाय आमची. मिरग निघायच्या आत कळ्याला या आनि पाय दाखवा. साफ असला तर त्याच दिशी तारीख धरू. न्हाय तर सुपारी परत."

सुपारी परत गेली असती तर नुसतं लग्न मोडलं नसतं. रोग खरा, असा शिक्का बसला असता. मुरगुडात माझ्या पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या, त्यांना कुणी दारात उभं केलं नसतं. मास्तरकी गेली असती. एवढं सगळं माझ्या त्या सडक्या पोटरीवर तोललेलं होतं आणि पोटरी रोज नव्यानं पाझरत होती.

समुद्राची शक्कल एका हवालदाराची. तो लढाईवर समुद्रापार बसऱ्याला जाऊन आला होता. बोटीवर खाऱ्या पाण्यानं आंघोळी करून त्याची खरूज गेली, असं तो शपथेवर सांगायचा. शाळेला सुट्टी होती. पण जायचं कसं? घाटाखाली जाणारे ओळखीचे बैलगाडीवाले दोन होते. एकानं तोंड फिरवलं आणि दुसऱ्यानं "बैल आजारी हाय" म्हणून माझ्यादेखत तेच बैल गाडीला जुंपले. तेव्हा दस्तगीर म्हणाला, "सायकलीवर जाऊया की. तिथं शेजारी कुनी बसत न्हाय, मग नाक मुरडनार कोन?"

तर असा हा आमचा सायकलीवरचा प्रवास. हौस नव्हे, हवापालट नव्हे. माणसं जवळ बसू देईनात म्हणून आम्ही दोन चाकांवर बसलो.

दस्तगीरनं दुकानातल्या दोन जुन्या सायकली निवडल्या. त्यांची पायडलं चाकाला कायमची जखडलेली, म्हणजे चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत. थांबवायला पुढच्या टायरवर दाबला जाणारा एक रबराचा तुकडा, तोही झिजलेला. बसायची गादी कसली, खेटराचं चामडं होतं ते. शहराबाहेर पडतो न पडतो तोच समोरून दरबारी गाड्या आल्या. आम्ही उतरून मुजऱ्याला वाकलो, गाड्या निघून गेल्या आणि सगळा धुरळा आम्ही गिळला. घामावर तो धुरळा बसला आणि चिखल झाला. पायाला दस्तगीरनं कडुनिंबाच्या पाण्यात उकळलेली पट्टी बांधली होती, ती कोसभरातच पिवळी पडली आणि माश्यांचा एक थवा तिथून पुढं इमानानं माझ्यासोबत राहिला.

कळे गाव रस्त्यातच. मी फेटा तोंडावर ओढला आणि मान खाली घालून जोरात पायडल मारलं. विहिरीवर बायका होत्या. त्यांतली एक माझी होणारी बायको असेल की काय, ह्या विचारानं मला लाज वाटायच्या ऐवजी मळमळलं. स्वतःच्या वासाची किळस येण्यासारखी दुसरी शिक्षा नाही, कारण त्या वासापासून पुढं पळून जायची सोयच नसते.

पुढं एका चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाला आधी हसून "या पावणं" म्हणाला, मग त्याची नजर पट्टीवर गेली. त्यानं हात जोडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत, काही नाही. मी पाणी मागितलं तेव्हा फक्त तांब्या उंच धरून वरून ओतू लागला आणि "ओंजळ करा" म्हणाला. वरून ओतलेलं पाणी पिणारी माणसं मी जन्मभर बघत आलो होतो. तसं पाणी पिण्याची ही माझी पहिली वेळ. निम्मं बाहीतून कोपरापर्यंत जातं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

घाट उतरायचा म्हणजे ब्रेकचं काम ऐनाच्या झाडाच्या फांदीनं करायचं, असं दस्तगीरनं ठरवलं. दोन मोठ्या फांद्या तोडून त्यानं एकेक आमच्या सायकलींच्या मागं दोरीनं बांधली, म्हणजे ती खरडत येईल आणि वेग आवरेल. वेग आवरला खरा. पण मागून उठणारा धुरळ्याचा लोट वाऱ्याबरोबर आमच्याच नाकातोंडात येत होता, आणि दर वळणावर माझी फांदी फिरून बरोबर उजव्या पायालाच फटकारत होती. मी ओरडत होतो, दस्तगीर हसत होता. सह्याद्रीचं सौंदर्य कुठल्या बाजूला होतं, मला विचारू नका.

घाटाखाली हवा बदलली. म्हणजे काय झालं, तर कोरडा घाम होता तो ओला झाला. अंगरखा पिळला तर पाणी निघावं. जिकडंतिकडं फणस फुटून पडलेले, काजूची बोंडं कुजून आंबलेली, त्यांवर चिलटं. आमच्याकडं ऊन भाजतं, पण भाजून सोडून तरी देतं. तिथलं ऊन अंगाला चिकटून राहतं.

आणि शेवटी तो समुद्र. विजयदुर्गाच्या अलीकडं एका लहान गावात आम्ही पोचलो, तेव्हा आधी वास आला आणि मग पाणी दिसलं. किनाऱ्यावर मैदानभर मासळी वाळत घातलेली. कावळे, कुत्री, माश्या. माझ्या बरोबर आलेला थवा तिथल्या माश्यांत इतका आनंदानं मिसळून गेला की पुन्हा दिसला नाही. मी मटणावर वाढलेला माणूस, पण त्या वासानं मी सायकलीवरून उतरून तिथंच ओकलो. एक कोळीण मांडी घालून मासे चिरत बसली होती, कोपरापर्यंत रक्त, मांडीवर आतडी. तिनं माझ्या पायाकडं पाहिलं आणि पदर नाकाला लावला.

"अगे बाये! ह्या काय रे पायाक?" ती ओरडली. "हय बसू नकात, माझी जाळी आसत. थंय जावा, थंय!"

माशाची आतडी मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला माझी किळस आली. मला इतका राग आला की रडू यायच्या ऐवजी हसू आलं. दस्तगीर तर वाळूत लोळला. "मास्तर, आता कुटं जाशील? हिच्या खाली पायरी न्हाय," तो म्हणाला.

तिनं दाखवलेल्या टोकाच्या खडकापाशी आम्ही मुक्काम ठोकला. मी सकाळ-संध्याकाळ पाण्यात पाय सोडून बसायचो. पहिल्या दिवशी आग झाली ती अशी की, हवालदार समोर असता तर त्याला मी त्याच पाण्यात बुडवला असता. लाट यायची, खपली उचलायची, वाळू आत भरायची आणि निघून जायची. दुपारी दस्तगीर पाय मांडीवर घ्यायचा, एकेक वाळूचा कण फडक्याच्या टोकानं टिपायचा आणि वर शिव्या द्यायचा. त्याला किळस येत नव्हती, असं नाही. मान तिरकी करून, तोंडानं श्वास घेत तो ते करायचा, हे मला दिसत होतं. पण एकही दिवस चुकवला नाही.

त्या मुक्कामात आम्ही एक अक्कल पाजळली. आमच्याकडं पंचगंगेला म्हशी धुतात, बैल धुतात, गाड्याही धुतात. घाटातल्या धुरळ्यानं सायकली लाल झालेल्या आणि समोर एवढं पाणी. कोल्हापूरच्या माणसाला ते बघून हात आवरतील काय? आम्ही दोघांनी दोन्ही सायकली कमरेइतक्या पाण्यात नेल्या, नारळाच्या काथ्यानं चेन घासली, चाकाचे आस घासले, लाटेखाली धरून खळखळून काढल्या आणि मोठ्या समाधानानं उन्हात वाळवल्या. किनाऱ्यावरचे लोक बघत राहिले. एकानंही सांगितलं नाही की हे नदीचं पाणी नव्हे. एका दिवसात चेनवर तांबूस पूड दिसली, दोन दिवसांत पायडल कण्हू लागलं. सायकली दुरुस्त करणाऱ्या घराण्यातला दस्तगीर डोकं धरून बसला. "माझ्या बाला कळलं तर मला याच समुद्रात सोडंल," एवढंच म्हणाला.

पाय मात्र सुकत चालला. खाऱ्या पाण्यानं, की बिब्बा-गंधक बंद झाले म्हणून, देव जाणे. पण पाझर थांबला. खपल्या गळून खाली गुलाबी कातडं आलं, नव्या उंदराच्या पिल्लासारखं. तेही काही सुंदर नव्हतं. मी मात्र त्याच्याकडं तासन्‌तास बघत बसायचो आणि बोट लावायला भ्यायचो.

गंजलेल्या सायकली ढकलत आम्ही घाट चढलो. सावलीसुद्धा घामेजलेली होती. वर गगनबावड्याला पोचलो तेव्हा वारा लागला आणि कितीतरी दिवसांनी मला कोरड्या मातीचा वास आला. खोटं कशाला बोलू, तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

कळ्यात तात्यांच्या अंगणात पाय बघायला निम्मा गाव जमला होता. घोंगडं अंथरलं, पुढं पाट मांडला आणि त्या पाटावर माझा पाय ठेवायला सांगितला. मुलगी बघायला जातात तेव्हा तिला चालायला लावतात, पाऊल बघतात, हे मला माहीत होतं. पाटावर पाय ठेवून बसल्यावर ते कसं असतं, ते कळलं. एकानं अंगठा दाबला, दुसऱ्यानं केस ओढला. मग तात्यांच्या थोरल्या भावानं घरातून गोधडीची सुई मागवली.

"महारोग असला की टोचल्यालं कळत न्हाय," तो जमलेल्यांना समजावून सांगू लागला आणि सांगता सांगताच टोचली.

"आई गं!" मी ओरडलो.

"लागतंय! लागतंय!" अंगणात आनंदीआनंद झाला.

मग प्रत्येकाला खात्री करून घ्यायची होती. सुई ह्या हातातून त्या हातात फिरली. मी ओरडलो की माणसं माना डोलवायची, आणि जरा जास्त ओरडलो की "ब्येस!" म्हणायची. उघड्या तोंडांचे, तंबाखूनं काळवंडलेल्या दातांचे ते चेहरे माझ्या पायावर वाकलेले मला अजून दिसतात आणि अजूनही जेवण जात नाही. सगळ्या प्रवासातली सगळ्यांत घाण जागा तीच. तो समुद्र बापडा तिच्यापुढं गंगाजळ. आपण उठून चालू लागावं, सुपारी ह्यांच्या तोंडावर फेकावी, असं मनात आलं. मग मुरगूडच्या बहिणी आठवल्या आणि मी दात दाबून बसून राहिलो. दस्तगीर कुंपणाशी उभा होता. तो एकटाच माझ्या पायाकडं बघत नव्हता.

"साफ हाय," तात्या म्हणाले. "गूळ आना."

मृग निघायच्या आत लग्न झालं. वऱ्हाडात सगळे पुढं होते. न्हावी होता, आणि बैल आजारी असलेला गाडीवालाही होता. सगळ्यांनी माझ्याशेजारी मांडीला मांडी लावून जेवण केलं.

आणि आषाढात पाय पुन्हा फुटला.

पावसाची झड लागलेली, कपडे वाळत नव्हते. घोट्यावर पहिली पुटकुळी दिसली तेव्हा मनात म्हटलं, आता ही माहेरी जाणार. तात्या पुन्हा रस्त्यावर उभे राहून पेठेला ऐकवणार. मी धोतराचा सोगा लांब सोडू लागलो, तिच्यापासून लांब बसू लागलो, पट्टी स्वतःच चोरून धुऊ लागलो. नवी नवरी, तिला वाटत असणार की नवऱ्याला ती पसंत नाही. एक दिवस मी जेवत होतो, ती समोर भाकरी थापत होती. एक माशी आली, माझ्या ताटावर न बसता सरळ पायाकडं गेली. मग दुसरी गेली. ती थापायची थांबली.

"बघू," ती म्हणाली.

"काही नाही."

"बघू म्हनते न्हवं." पिठाच्या हातानंच तिनं सोगा वर केला आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "शी! शी गं बाई! केवढी घान!"

मी मान खाली घातली. म्हणालो, "तुझ्या माणसांनी तपासून घेतला होता. तेव्हा साफ होता. मी फसवलं नाही."

"त्यास्नी बघायचा हुता पाय, त्यांनी बघितला," ती म्हणाली. "मी दाराआड हुते. मी तोंड बघत हुते. एवढी जनं टोचत हुती तरी मानूस उठून गेलं न्हाई, तवाच मी म्हटलं, बरं हाय." मग पुन्हा पायाकडं बघून म्हणाली, "पर शी! काय वास मारतोय!" आणि तसंच शी शी करत तिनं तो पाय ओढून आपल्या मांडीवर घेतला.

पुढं सगळा संसार असाच झाला. इसब दर वैशाखात फुटायचा, श्रावण सरता सरता सुकायचा. ती रोज दुपारी बसायची, नाकाला पदर बांधायची, कडुनिंबाच्या पाण्यानं धुवायची आणि धुताना तिला येतील तेवढ्या शिव्या द्यायची. दस्तगीर आला की दोघं मिळून द्यायची. समुद्रावर मात्र ती मला पुन्हा कधी जाऊ देईना. म्हणायची, "हितं मी असताना तितं कशाला बसायचं पाय सोडून?"

ती जाऊन आता तीन पावसाळे झाले. दस्तगीर तिच्याआधीच गेला. यंदाही पाय फुटलाय. मुलगा शहाणा आहे, त्यानं दवाखान्यातला माणूस लावून दिलाय. तो हातमोजे घालून येतो, चिमट्यानं कापूस धरतो आणि गोड आवाजात म्हणतो, "काही नाही आजोबा, अगदी थोडंसंच आहे." सून दारातून डोकावते, हसते आणि म्हणते, "मामंजी, कालच्यापेक्षा बरंच बरं दिसतंय हं." सगळी चांगली माणसं आहेत. कुणी नाक मुरडत नाही, कुणी तोंड वेडंवाकडं करत नाही. मला दिसतं, पट्टी सुटली की सगळे हलकेच नजर खिडकीकडं वळवतात.

मी वाट बघत बसतो की कुणीतरी एकदा खाली वाकावं, नीट बघावं आणि "शी!" म्हणावं.